फ्रिजमधले दोन कप्पे

अमेरिकेत एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातला लशींचा फ्रिज उघडून बघायला मिळाला, तर एक गंमत दिसते. गोवराची तीच लस, त्याच कंपनीची, तशाच कुप्या. पण ठेवलेल्या वेगवेगळ्या कप्प्यांत, वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून. एका कप्प्यातला माल दवाखान्याने पदरचे पैसे घालून घेतलेला, दुसऱ्यातला सरकारकडून फुकट आलेला. नर्स बाळाचं वय बघते, आधीच्या डोसांची नोंद बघते आणि मग बघते विमा. मेडिकेड हा सरकारी विमा असेल किंवा विमाच नसेल तर सरकारी कप्पा. आईच्या किंवा बाबांच्या कंपनीचा खासगी विमा असेल तर दुसरा. सरमिसळ चालत नाही. एकेका डोसाचा हिशेब द्यावा लागतो.

हे दोन कप्पे आले ते गोवरामुळे. 1989 ते 1991 या काळात अमेरिकेत गोवराची मोठी साथ पसरली. 55 हजारांहून जास्त रुग्ण आणि शंभरावर मृत्यू. लस तर 1963 पासून हाताशी होती. मग इतकी मुलं लशीवाचून राहिली कशी? चौकशीत निघालं ते असं, की यातल्या कित्येक मुलांना डॉक्टरांनी तपासलेलंही होतं. मूल दवाखान्यात येऊन गेलं, लस तेवढी राहिली. ज्यांच्या आईबापांना लशीचे पैसे झेपणारे नव्हते, त्यांना 'सरकारी केंद्रात जाऊन घ्या' असं सांगून पाठवण्याची रीत होती, आणि अशी दुसरी फेरी सगळ्यांची होतेच असं नाही. 1993 मध्ये कायदा झाला आणि 1994 पासून अशा मुलांसाठी सरकारी लस खासगी डॉक्टरच्याच फ्रिजमध्ये येऊन बसली.

मला हा फ्रिज आवडतो. विम्याचा प्रकार कप्प्यापाशीच अडवायचा, मुलाच्या दंडापर्यंत पोचू द्यायचा नाही, अशी ती साधी युक्ती आहे आणि ती चालते. पण मूल दवाखान्यात फक्त टोचून घ्यायला येत नाही. बरोबर आई असते, तिच्या डोक्यात रात्रभर घोळलेले चार प्रश्न असतात. त्यातला एखादा विचारावा की नको, या विचारात ती दाराशी घुटमळते. डॉक्टरने खुर्ची ओढून बसणं, ऐकणं, समजेल असं सांगणं, 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारणं यांच्या कुप्या येत नाहीत. त्यामुळे त्या बाबतीत विम्याला अडवणारा कप्पाही नाही. तिथे विमा कुठवर पोचतो, हे या प्रकरणात बघायचं आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे आरोग्यविमा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ॲडमिशन, कॅशलेस, टीपीएची मंजुरी. पोराला ताप आला, दोनशे-पाचशे रुपये देऊन दाखवून आणलं, तर त्यात विम्याचा संबंध सहसा येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भरसुद्धा रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. अमेरिकेत विमा साध्या सर्दीच्या वेळीही खोलीत हजर असतो. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, त्या भेटीचे त्याला किती मिळणार, तुमच्या खिशातून किती जाणार, मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं तर कोणाची परवानगी लागणार, हे सगळं कार्डावर ठरतं. म्हणून तिथे हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

मुलांच्या विम्याचे ठळक प्रकार तीन. पहिला, आईबापांच्या नोकरीतून येणारा खासगी विमा. दुसरा मेडिकेड. 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, म्हाताऱ्या हॅरी ट्रुमन यांना शेजारी बसवून ज्या कायद्यावर सही केली, त्यातून तो आला. केंद्र आणि राज्य मिळून चालवतात आणि तो उत्पन्न बघून मिळतो. तिसरा 'चिप', म्हणजे मेडिकेडसाठी उत्पन्न जरा जास्त पण खासगी विमा घ्यायला अपुरं, अशा घरांतल्या मुलांसाठी 1997 मध्ये आलेला. डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच या दोन विरुद्ध टोकांच्या सिनेटरांनी मिळून तो पुढे रेटला. राज्याराज्यांत या योजनांना वेगळी नावं आहेत. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, टेनेसीत टेनकेअर, न्यू जर्सीत फॅमिलीकेअर. मेडिकेड म्हणजे कोपऱ्यातल्या चार गरिबांची सोय असा समज असेल तर तो सोडून द्यावा. त्या देशात दर दहा बाळंतपणांतल्या साधारण चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. या तिघांपलीकडे चौथा प्रकार उरतो, काहीच नसण्याचा.

आता 'कुटुंबकेंद्री आरोग्यसेवा' हा जडसा शब्द. त्यामागे एक जुनी, ओरखडा काढणारी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य रुग्णालयांत मूल भरती झालं की आईबापांना बाहेर काढत. भेटीच्या वेळा मोजक्या, काही ठिकाणी आठवड्यातून एकदाच. कारण सांगायचे जंतुसंसर्गाचं. आणखी एक कारण असं, की आई येऊन गेली की पोरं रडतात. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये एक लहानसा माहितीपट केला. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी, एवढाच त्याचा विषय. ती फारसा आरडाओरडा करत नाही, आणि ते बघवत नाही. डॉक्टरमंडळी आधी चिडली. पण 1959 मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ येऊ द्या, राहू द्या, अशी शिफारस केली आणि हळूहळू दारं उघडली.

अमेरिकेत हाच धागा दुसऱ्या अंगाने पुढे गेला. 'मेडिकल होम' हा शब्द तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1967 मध्ये वापरला, तेव्हा त्याचा अर्थ अगदी कारकुनी होता. मुलाचे सगळे कागद एका जागी असावेत, बस्स. त्या शब्दात जीव ओतला होनोलुलूच्या केल्विन सिया या डॉक्टरांनी. त्यांचं म्हणणं असं, की कागदांना घर हवं तसं मुलालाही हवं. एकच दार, ओळखीचा डॉक्टर, आणि बाकी धावपळीचा मेळ घालणारं कोणीतरी. 1987 मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी दीर्घ आजारी मुलांसाठी कुटुंबकेंद्री, राहत्या गावातली, एकमेकांशी जोडलेली सेवा असा कार्यक्रमच जाहीर केला. आज अकादमीचा सल्ला असा आहे, की रुग्णालयातला सकाळचा राउंडसुद्धा आईबापांसमोर व्हावा.

मराठी वाचक म्हणेल, यात नवं ते काय, आमचा फॅमिली डॉक्टर हेच करायचा. अर्धं खरं आहे. आजोबांचा दमा, काकूंची साखर, धाकट्याचं टॉन्सिल, सगळं त्याला तोंडपाठ असायचं. पण आईला निर्णयात कितीसं घेतलं जायचं? 'तू जा, मी बघतो' यात माया होती, भागीदारी नव्हती. मेडिकल होमच्या कल्पनेत दोन्ही अपेक्षित आहेत.

ही भागीदारी मोजायची कशी? अमेरिकेत 2003 पासून मुलांच्या आरोग्याचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण होतं, 2016 पासून दरवर्षी. त्यात आईबापांना पाच प्रश्न असतात. गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी मुलाला पुरेसा वेळ दिला का? तुमचं नीट ऐकलं का? तुमच्या घरच्या चालीरीतींची कदर ठेवली का? हवी ती माहिती दिली का? मुलाच्या उपचारात आपण भागीदार आहोत असं तुम्हाला वाटलं का? उत्तरं चार: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही. पाचही प्रश्नांना पहिल्या दोनांपैकी उत्तर आलं तर सेवा कुटुंबकेंद्री धरतात.

उत्तरं विम्याप्रमाणे मांडली की उतरंड लागते. खासगी विमा असलेल्यांची उत्तरं सर्वांत समाधानाची, सरकारी विमावाल्यांची त्याखाली, विमा नसलेल्यांची तळाला. इथपर्यंत वाचून पुष्कळ जण निष्कर्षाला येतात, की मेडिकेडचे डॉक्टर ऐकत नाहीत. थोडं थांबावं. मेडिकेडवरची आई गरीब असण्याची शक्यता जास्त, तिच्या घरी इंग्रजी न बोलण्याची शक्यता जास्त, तिचं मूल दीर्घ आजारी असण्याची शक्यताही जास्त. हे सगळं बाजूला काढून फक्त विम्याचा हिशेब केला, की सरकारी आणि खासगी यांच्यातलं अंतर बरंच आकसतं. विमा नसलेल्यांचं अंतर मात्र तितकं हटत नाही. आणि एक बारीक खाच अशी, की हे पाच प्रश्न फक्त त्याच घरांना विचारतात ज्यांचं मूल वर्षभरात कधीतरी डॉक्टरकडे गेलं होतं. जे दारापर्यंतच पोचलं नाही, त्याच्या आईला 'तुमचं ऐकलं का?' असं विचारणार तरी कसं? म्हणजे सर्वांत वाईट अनुभव या मोजणीत येतच नाही.

तो दारापर्यंतचा अनुभव दोन संशोधकांनी वेगळ्याच तऱ्हेने टिपला. जागा शिकागोची कूक काउंटी, वर्ष 2010. प्रशिक्षित तरुणींनी आई असल्याची बतावणी करून मुलांच्या आजारांच्या 273 विशेषज्ञ दवाखान्यांना फोन लावले. मुलाचा हात मोडलाय, झटके येतायत, दमा आटोक्यात येत नाही, अशी निकडीची कारणं. महिन्याभराने त्याच दवाखान्याला पुन्हा फोन, तेच दुखणं, फक्त विम्याचं नाव बदललेलं. खासगी विमा सांगितला तेव्हा 11 टक्के ठिकाणी नकार आला. मेडिकेड किंवा चिप सांगितला तेव्हा 66 टक्के ठिकाणी. ज्या 89 दवाखान्यांनी दोन्ही वेळा होकार दिला, तिथे सरकारी कार्डवाल्या मुलाला सरासरी 22 दिवस जास्त थांबायला सांगितलं. 2011 मध्ये हे छापून आलं तेव्हा खळबळ झाली, पण रिसेप्शनवर बसणाऱ्या कोणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नसणार. त्यांचा पहिला प्रश्नच पुष्कळदा 'विमा कोणता?' हा असतो. मुलाचं नाव नंतर.

यात डॉक्टर दुष्ट आहेत असं समजायचं कारण नाही. आकडे बघू. 2019 मध्ये मेडिकेड डॉक्टरांना जे दर देत होतं, ते देशभराची सरासरी काढली तर वृद्धांच्या मेडिकेअर योजनेच्या दरांच्या 72 टक्के होते. खासगी विमा बहुधा मेडिकेअरहून जास्त देतो. आता एक कल्पित दवाखाना घ्या. जागा, नर्स, वीज, तो फ्रिज, सगळं धरून तासाला 300 डॉलर सुटले तर भागतं. भेटीमागे 100 मिळत असतील तर तासात तीन मुलं बघून चालेल, प्रत्येकी 20 मिनिटं. भेटीमागे 60 मिळत असतील तर पाच मुलं बघायला हवीत, प्रत्येकी 12 मिनिटं. एकाच दवाखान्यात कार्ड बघून कोणी घड्याळ लावत नाही. पण गरीब वस्तीतल्या दवाखान्यात बहुतेक सगळी कार्डं एकाच रंगाची असतात, तिथे 12 मिनिटं हाच दवाखान्याचा वेग होऊन बसतो. छोट्या बाळांच्या आईबापांना 2000 साली विचारलं होतं, तेव्हा एक तृतीयांश जणांनी सांगितलं की नियमित तपासणीची भेट दहा मिनिटांत किंवा त्याआधीच उरकते. भेट लांबली तिथे डॉक्टर ऐकतात, समजावतात, असं सांगणारेही जास्त निघाले. 2013 आणि 2014 ही दोन वर्षं केंद्राने प्राथमिक डॉक्टरांचे मेडिकेडचे दर मेडिकेअरच्या बरोबरीला आणून ठेवले होते. मुदत संपली, केंद्राचा पैसा थांबला, आणि बऱ्याच राज्यांत दर परत खाली आले.

वेळेपेक्षाही नाजूक गोष्ट म्हणजे ओळख. डॉक्टर आणि घर यांच्यात विश्वास जमायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तुटायला एक लिफाफा पुरतो. मेडिकेडचं नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, आईने महिनाभर ओव्हरटाइम केला आणि उत्पन्न रेषेच्या वर सरकलं, एखादी पगाराची पावती जोडायची राहिली, की मुलाचं नाव कटतं. पुढच्या भेटीला खिडकीवर कळतं की कार्ड चालत नाही. महामारीच्या काळात ही कापाकापी थांबवली होती. एप्रिल 2023 पासून ती पुन्हा सुरू झाली. ज्यांची नावं गेली त्यातल्या बहुतेकांची कागदपत्रांच्या कारणाने गेली, ते अपात्र ठरले म्हणून नव्हे. 1 जानेवारी 2024 पासून निदान एवढं झालं, की मुलाला एकदा मेडिकेड किंवा चिप मिळालं की बारा महिने ते काढता येत नाही. बारा महिने! मुलाचं बालपण अठरा वर्षांचं धरलं तर हा दिलासा किती मोठा, ते ज्याने त्याने ठरवावं.

मेडिकेडची बाजू इतकी पडती दिसत असताना त्याच्या पोटात दडलेली एक मोठी गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. 1964 च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने एक अहवाल काढला. सैन्यभरतीसाठी तपासलेल्या तरुणांपैकी एक तृतीयांश नापास होतात, आणि त्यातल्या कित्येकांच्या व्याधी लहानपणीच पकडता आल्या असत्या, असं त्यात होतं. या धक्क्यातून 1967 मध्ये मेडिकेडला एक कलम जोडलं गेलं: मुलांची ठरावीक वयांना तपासणी करायची, दोष शोधायचा आणि त्यावर उपचारही करायचा. 1989 मध्ये ते आणखी कडक झालं. तपासणीत जे निघेल त्यावरचा गरजेचा उपचार, राज्य तो मोठ्यांना देत असो वा नसो, मुलाला द्यायचाच. चष्मा, श्रवणयंत्र, दात, वाचा-उपचार, सगळं. इतकं रुंद वचन फारच थोडे खासगी विमे देतात. कागदावर अमेरिकेतलं सर्वांत उदार बालविमा-कार्ड गरिबाच्या खिशात आहे. पंचाईत एवढीच, की ते बघून दार उघडणारे कमी.

खासगी कार्डाचं नेमकं उलट. दार पटकन उघडतं, हसून स्वागत होतं, आणि बिल नंतर घरी येतं. 2007 च्या सर्वेक्षणावरून केलेल्या एका हिशेबात वर्षभर सलग विमा असलेल्या मुलांपैकी 22.7 टक्के, म्हणजे 1 कोटी 41 लाख मुलं, अपुऱ्या विम्याची निघाली: खर्च झेपत नाही, किंवा हवी ती सेवा त्यात बसत नाही, किंवा हवा तो डॉक्टर मिळत नाही. आणि अपुरेपण खासगी विम्यात जास्त होतं. डॉक्टरने आईला अगदी सन्मानाने दोन पर्याय समजावून सांगितले आणि 'तुम्ही ठरवा' म्हटलं, पण डिडक्टिबलचे, म्हणजे विमा लागू होण्याआधी पदरचे घालायचे, दोन-तीन हजार डॉलर अजून भरायचे आहेत म्हणून तिने स्वस्त पर्याय घेतला, तर निर्णय कोणी घेतला? सर्वेक्षणात ती पाचही उत्तरं 'नेहमी' अशीच देईल.

अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट बहुतांशी याच बाजूची आहे. समजा, डॅलसजवळच्या उपनगरात राहणारं एक जोडपं आहे. दोघांपैकी एकाची आयटीतली नोकरी, विमा कंपनीचा. बाळंतपणासाठी नाशिकहून आजी आलेल्या. त्यांनी पुडीतून काजळ आणलंय, रोज बाळाच्या डोळ्यांत घालतात, गालावर तीट लावतात. काजळ आणि सुरम्यात शिसं सापडतं म्हणून अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन कित्येक वर्षं इशारे देत आलं आहे. शिसं लहान मेंदूला फार वाईट. मेडिकेडवरच्या प्रत्येक मुलाचं रक्त पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला शिशासाठी तपासायचं, असा नियमच आहे. खासगी विम्याच्या मुलाला असा सरसकट केंद्रीय नियम नाही. कुठे राज्याचा कायदा, नाहीतर डॉक्टरला धोका वाटला तर. आणि धोका वाटायला त्याला काजळ दिसायला हवं, घरात काय काय वापरता हे विचारायला हवं. विचारण्याची पद्धतही हवी. 'हे काय भलतंच!' असा चेहरा झाला, तर पुढच्या भेटीला सूनबाई बाळाचे डोळे पुसून आणतील आणि काजळ घरी चालूच राहील. 'आजींना बरोबर आणा, मला त्यांच्याशी बोलायचंय' असं म्हणणारा डॉक्टर मिळाला, तर पुडी कचऱ्यात जाईल आणि तीट गालावरून हलून, काळ्या धाग्याच्या रूपात मनगटावर येईल. सर्वेक्षणातला चालीरीतींचा तिसरा प्रश्न ऐकायला गोड वाटतो. त्याच्या आत असं रक्ताच्या तपासणीइतकं नेमकं काम दडलेलं आहे.

याच घराला विम्याची दुसरी बाजू दिसते ती नोकरी गेल्यावर. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला 60 दिवस. विमा चालू ठेवायचा तर कोब्रा नावाच्या कायद्याखाली ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण स्वतः भरायचा, कंपनीचा वाटासुद्धा, वर दोन टक्के खर्चाचे. आणि नोकरी टिकली तरी दर जानेवारीला कंपनी योजना बदलू शकते. आवडीचा डॉक्टर एका रात्रीत 'नेटवर्कबाहेर' जातो. मूल स्वमग्न असेल तर आणखी एक पेच. वाचा-उपचाराच्या वर्षाला इतक्याच फेऱ्या, अशी मर्यादा खासगी योजनांत सर्रास असते. मग चांगल्या पगाराची माणसंही राज्याच्या मेडिकेडची कुठली खिडकी आपल्या मुलासाठी उघडते का, ते शोधू लागतात.

ती खिडकी कशी उघडली, याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्समध्ये 1978 साली केटी बेकेट जन्मली. पाच महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण स्वतःच्या बळावर पूर्ण वेळ श्वास घेईना, यंत्र लागायचं. महिन्यांमागून महिने ती रुग्णालयात राहिली. घरच्यांचा खासगी विमा होता, दहा लाख डॉलरची कमाल मर्यादा असलेला. तो संपला. मग मेडिकेड आलं. तोवर तिची तब्येत इतकी सुधारली होती की डॉक्टर म्हणू लागले, हिला घरी न्या, घरी ही जास्त बरी राहील. आई ज्युली तयार होती. अडलं ते नियमावर. मूल महिनाभराहून जास्त काळ रुग्णालयात असेल तर पात्रता ठरवताना आईबापांचं उत्पन्न धरायचं नाही, पण मूल घरी राहायला गेलं की ते धरायचं. बेकेट कुटुंब गरीब नव्हतं, मध्यमवर्गीय होतं. म्हणजे केटी खाटेवर आहे तोवर मेडिकेड. घरचा उंबरा ओलांडला की बंद. आणि विमा बंद झाला की घरी नर्स, यंत्र, प्राणवायू यांचा खर्च भागवणं अशक्य.

जगण्याच्या पहिल्या तीन वर्षांतला बहुतेक काळ या मुलीने जे घर पाहिलं ते रुग्णालयाचं. तिथे तिच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. उलट सगळ्या नर्सची ती लाडकी होती, आणि आई रोज यायची. पाच प्रश्नांची परीक्षा घेतली असती तर रुग्णालय कदाचित उत्तम गुणांनी पास झालं असतं. विमाच तेवढा नापास.

स्थानिक काँग्रेस सदस्य टॉम टॉकी यांनी हे प्रकरण उपाध्यक्ष बुश यांच्या कानी घातलं आणि तिथून ते अध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोचलं. नोव्हेंबर 1981 मधल्या पत्रकार परिषदेत रेगन यांनी सरकारी नियमांच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून या मुलीची हकिकत सांगितली. रुग्णालयात ठेवायला सरकार महिन्याला 6 हजार डॉलर देतंय आणि घरी त्याच्या सहाव्या हिश्श्यात भागेल, असा त्यांचा आकडा होता. सरकारी खर्चाला कात्री लावायला निघालेल्या अध्यक्षाला हे उदाहरण सोयीचं होतं, हे खरंच. पण त्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, केटी घरी आली हेही खरं. आधी तिच्या एकटीसाठी अपवाद केला. पुढे 1982 च्या करविषयक कायद्यात कलम घातलं गेलं: रुग्णालयात ठेवावं लागलं असतं इतकं आजारी मूल घरी राहत असेल, तर राज्यांना आईबापांचं उत्पन्न न मोजता त्याला मेडिकेड देता येईल. अमेरिकेत या सोयीला आजही 'केटी बेकेट' म्हणतात. तीन वर्षांच्या पोरीचं नाव सरकारी अर्जांवर छापून गेलं.

ज्युली बेकेट तिथे थांबल्या नाहीत. अशाच मुलांच्या इतर आयांबरोबर त्यांनी 'फॅमिली व्हॉइसेस' ही संघटना उभी केली. धोरण ठरवणाऱ्या टेबलावर आईची एक खुर्ची असावी, एवढीच मागणी. दवाखान्यात आईचं ऐकावं इथून सुरू झालेली गोष्ट, विमा लिहिताना आईचं ऐकावं इथवर त्यांनी आणली, आणि माझ्या मते सगळ्या कुटुंबकेंद्री चळवळीतलं हे सर्वांत मोलाचं पाऊल आहे. सभ्य डॉक्टर तयार करणं त्या मानाने सोपं. 2010 च्या आरोग्यविम्याच्या कायद्याने विम्यावरची आयुष्यभराची कमाल मर्यादा बेकायदा ठरली, तेव्हा केटीचा विमा ज्या रेषेवर संपला होता ती रेषाच पुसली गेली.

केटी शाळेत गेली, कॉलेजात गेली, मोठी झाल्यावर आईचं घर सोडून वेगळी राहिली. अपंगांच्या हक्कांसाठी ती ठिकठिकाणी बोलायची. मे 2012 मध्ये, 34 व्या वर्षी, ती वारली.

1982 चं ते कलम ऐच्छिक आहे. ज्या राज्याला वाटेल त्याने स्वीकारावं. तीच मुलं, तशीच यंत्रं, पण नकाशावर आपण रेषेच्या कुठल्या बाजूला राहतो यावर ठरायचं की आईने नोकरी सोडून उत्पन्न घटवायचं की नाही. टेनेसी राज्यात आईबापांनी मुलांना घेऊन विधानभवनात फेऱ्या मारल्या, काहींची मुलं यंत्रासकट. तिथे कायदा झाला 2019 मध्ये, आणि केटी बेकेटच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला नोव्हेंबर 2020 मध्ये.